अण्णांना विचारले का?

आदरणीय डॉक्टरसाहेब,
माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, ७८ वर्षांचे आहेत. तरुणपणापासून जिनिंगमध्ये काम केले, बिड्याही ओढल्या. आता सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार आहे आणि घरी ऑक्सिजनचे मशीन लावलेले आहे. जानेवारीत ते नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि त्यातून बरे होऊन परत आले. घरी आल्यावर मनगटावरचे पट्ट्यांचे वळ दाखवून फेब्रुवारीत एकदा म्हणाले, "बाई, तसलं पुन्हा नको." आजही सकाळी पेपर वाचतात, सोयाबीनचा भाव विचारतात. मागच्या आठवड्यात तपासणीला नेले तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले आणि म्हणाले, पुढच्या वेळी हृदय बंद पडले तर छाती दाबायची की नाही, नळी घालायची की नाही, हे घरात ठरवा आणि सही करून द्या. थोरले भाऊ पुण्याला असतात. ते फोनवर म्हणाले, हे तर इच्छामरण झाले, हा गुन्हा आहे. दोन एकर विकू, पण उपचार थांबवायचे नाहीत. धाकटा भाऊ शेती पाहतो, तो काहीच बोलत नाही. मी सही केली तर मीच वडिलांना मारले असे होईल का?
– एक शिक्षिका, परभणी जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रात डॉक्टर बोलतात, थोरले भाऊ बोलतात, धाकट्या भावाचे गप्प बसणेही पुष्कळ काही बोलून जाते. अण्णांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले आहे आणि तेही फेब्रुवारीतले. जो माणूस आजही चष्मा लावून पेपर वाचतो आणि सोयाबीनच्या भावाची चौकशी करतो, त्याच्या छातीवर कोणी हात ठेवायचा की नाही, हे त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारले जात आहे. यात दोष तुमचा नाही. आम्हा डॉक्टरांचीच ही जुनी रीत आहे की पेशंटला आत झोपवायचे, दार ओढून घ्यायचे आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकाला विचारायचे. भूल देण्याचे आणि आयसीयू सांभाळण्याचे काम मी याच मराठवाड्यात सत्तावीस वर्षे केले, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त वर्षे मीही असाच बाहेर येऊन विचारत होतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. तशी सही केल्याने तुम्ही वडिलांना मारले असे होत नाही; कायद्याच्या दृष्टीने होत नाही आणि वैद्यकाच्या दृष्टीनेही होत नाही. मात्र ती सही नेमकी कशावर आहे, हे समजून घेतल्याशिवाय करू नका, आणि अण्णांशी बोलण्याआधी तर मुळीच करू नका.

डॉक्टर ज्याला 'डीएनआर' किंवा अलीकडे 'डीएनएआर' म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच की हृदय आणि श्वास थांबल्यानंतर ते पुन्हा सुरू करण्यासाठी सीपीआर, म्हणजे छाती दाबणे आणि कृत्रिम श्वास देणे, करू नये. यातला 'थांबल्यानंतर' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या क्षणापर्यंतचे सगळे उपचार, म्हणजे नेब्युलायझर, अँटिबायोटिक, स्टिरॉईड, सलाईन, नाकातोंडावर घट्ट बसवायचा बायपॅपचा मास्क, हे सारे त्या कागदाने बंद होत नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण केसपेपरवर ही तीन-चार अक्षरे लिहिलेली दिसली की काही ठिकाणी त्या खाटेकडे राउंडची पावले जरा भराभर पडतात. तसे जाणवले तर तिथल्या तिथे विचारा की छाती दाबू नका असे आम्ही सांगितले आहे, उपचार करू नका असे कुठे सांगितले आहे.

सीपीआर ही फार मोलाची गोष्ट आहे. तिची आजची पद्धत १९६० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथील संशोधकांनी मांडली, आणि ती ज्यांचे हृदय अचानक बंद पडते त्यांच्यासाठी होती. भुलेखाली असताना हृदय थांबलेला, विजेचा धक्का बसलेला, पाण्यातून बाहेर काढलेला माणूस या पद्धतीने उठून घरी गेलेला मी पाहिला आहे. पण वर्षानुवर्षे फुप्फुसे झिजत जाऊन शेवटी हृदयही थकून थांबते, तेव्हा तीच क्रिया वेगळी होते. दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी किमान ५ सेंटिमीटर छाती खाली जाईल इतक्या जोराने दाबावी लागते, दर तीन ते पाच मिनिटांनी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन द्यावे लागते आणि घशातून नळी घालावी लागते. अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर रुग्णालयात हृदय बंद पडून सीपीआर केलेल्या शंभर माणसांपैकी साधारण वीस ते पंचवीस घरी जातात, आणि यात सर्व वयांचे, सर्व आजारांचे लोक येतात. वय आणि जुनाट आजार वाढत जातो तसा हा आकडा खाली येतो. जे वाचतात त्यांच्यातही काहींच्या मेंदूला तेवढी मिनिटे प्राणवायू न मिळाल्याची खूण कायमची राहते.

एक प्रसंग सांगतो. ऐंशी पार केलेल्या एका आजोबांवर मी हे चाळीस मिनिटे केले होते. त्यांचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता, हे मला माहीत होते आणि घरच्यांनाही माहीत होते. पण मुलगा गाडीने निघाला होता आणि मी येईपर्यंत चालू ठेवा, असे फोनवरून सांगत होता. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच माझ्या तळहाताखाली बरगडी मोडली. वाळलेली पऱ्हाटी पायाखाली मोडावी तसा तो आवाज येतो, आणि तो हातांनाच ऐकू येतो. मुलगा पोहोचण्याआधी सिस्टरने चादर आजोबांच्या गळ्यापर्यंत ओढून घेतली.

नळीचा, म्हणजे व्हेंटिलेटरचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो सीपीआरच्या प्रश्नापासून वेगळा ठेवावा, असे माझे मत आहे. जानेवारीत त्याच नळीने अण्णा वाचले, ही गोष्ट थोरल्या भावांच्या बाजूची आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. सीओपीडीच्या पेशंटचा दम अचानक वाढतो तेव्हा पुष्कळदा बायपॅपच्या मास्कवर काम भागते. कधी नळी लागते आणि काही दिवसांनी ती निघतेही. पण दर खेपेला फुप्फुस आधीपेक्षा कमी ताकदीने परतते आणि कधीतरी अशी खेप येते की नळी काढताच येत नाही. त्यामुळे डॉक्टरांना असे विचारा की मास्कपर्यंत सगळे करू, पण नळीची वेळ आली तर अण्णांच्या फुप्फुसांची आजची अवस्था पाहता ती निघण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते. आकडा सांगता येणार नाही, पण सात-आठ महिने पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरांना अंदाज असतो, आणि थेट विचारले तर बहुतेक जण सांगतात. "चार दिवस लावून बघू, सुधारणा नसेल तर काढू" हा मधला मार्गही वैद्यकात मान्य आहे. मात्र आपल्याकडे नळी घालायला एक सही पुरते आणि काढायला बरीच मोठी प्रक्रिया लागते, हे घालण्याआधीच ध्यानात घ्यावे.

ती प्रक्रिया काय, हे सांगताना भावांच्या 'इच्छामरण' या शब्दाचाही उलगडा होईल. विषारी इंजेक्शन देऊन कोणाचे आयुष्य संपवणे हा आपल्याकडे गुन्हाच आहे आणि त्याबद्दल कोणताही न्यायालयीन निर्णय सवलत देत नाही. उपचार नाकारणे ही वेगळी गोष्ट आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर बेचाळीसएक वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये उपचार काढून घेण्याची परवानगी मागितली गेली असता ती त्यांच्या बाबतीत नाकारली, कारण त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना ते मान्य नव्हते. पण उच्च न्यायालयाच्या संमतीने असे उपचार थांबवता येतील, हे तत्त्व त्याच निकालात मान्य झाले. शानबाग २०१५ साली न्यूमोनियाने गेल्या. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्कही येतो, असे सांगितले आणि आधी लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, ज्याला लोक 'लिव्हिंग विल' म्हणतात, मान्यता दिली. समज शाबूत असलेल्या प्रौढ माणसाने उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, हेही त्यातून स्पष्ट झाले. तेव्हा घातलेल्या अटी इतक्या किचकट होत्या की तसे इच्छापत्र करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे झाले होते, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने त्या सोप्या केल्या.

आता असे इच्छापत्र अण्णांना दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करून घेता येते. तालुक्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेले नोटरी तुम्ही पाहिलेच असतील. त्यांच्यापैकी काहींनी असा कागद कधी पाहिलेला नसतो, तेव्हा मजकूर घरून लिहून न्यावा. आपली समज गेल्यावर आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्या एका किंवा अधिक माणसांची नावे त्यात घालावीत. एक प्रत त्या माणसांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी. अण्णांना वाटेल तेव्हा हे इच्छापत्र लेखी बदलता येते किंवा रद्द करता येते. ते लागू होते ते अण्णांना स्वतः बोलता येणार नाही तेव्हाच. तोपर्यंत त्यांच्या तोंडचा शब्द हाच शेवटचा. पुढे कधी चालू व्हेंटिलेटर काढायची वेळ आली, तर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ मिळून रुग्णालयाचे एक मंडळ पाहते, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ पाहते, दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे, आणि नळी काढण्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लहान गावातल्या रुग्णालयाला हे सगळे उभे करणे जड जाते.

सीपीआर न करण्याचा कागद या साऱ्याहून पुष्कळ साधा आहे. त्याविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बरा न होणारा आणि वाढत जाणारा आजार असेल आणि सीपीआरने फायद्यापेक्षा त्रासच होईल असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मत असेल, तर त्यांनी पेशंटशी बोलावे, पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसेल तरच त्याच्या जवळच्यांशी बोलावे, आणि जे ठरेल ते केसपेपरवर लिहावे, असा त्यांचा आशय आहे. हा वैद्यकीय निर्णय आहे, म्हणजे त्याचा भार डॉक्टरांनी उचलायचा असतो. "तुम्ही ठरवा आणि सही करा" असे म्हणून तो सगळाच्या सगळा एका शिक्षिकेच्या खांद्यावर ठेवणे त्या सूचनांत बसत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नम्रपणे म्हणा, "साहेब, हे तुम्ही अण्णांसमोर बसून सांगाल का?"

तुम्ही मात्र त्याआधी घरी बोला. माझ्या अनुभवात "तुम्हाला पुढे काय हवे" असे विचारले की म्हातारी माणसे "देवाची इच्छा" म्हणून विषय बंद करतात, किंवा "बघा तुम्हीच" म्हणतात, आणि आपल्या घरांत "बघा तुम्हीच" याचे चार अर्थ होतात. म्हणून सुरुवात जानेवारीपासून करा. दुपारी ते खाटेवर टेकून बसले असतील, दम त्यातल्या त्यात कमी असेल, अशी वेळ पाहून एवढेच विचारा, "अण्णा, त्या नऊ दिवसांतलं तुम्हाला काय आठवतं?" आणि मग मध्ये बोलू नका. नळी असताना माणसाला बोलता येत नाही, नळी ओढू नये म्हणून हात खाटेला बांधतात. ज्यांना ते आठवते त्यांना पुष्कळ सांगायचे असते आणि घरात कोणी विचारत नाही. ते सांगून झाले की विचारा, तसे पुन्हा करून परत घरी येण्याची आशा असेल तर चालेल का, आणि आशा फार थोडी असेल तर काय करायचे. "बाई, तसलं पुन्हा नको" यातले 'तसलं' म्हणजे नळी, की बांधलेले हात, की एकटे राहणे, हे तुम्हाला त्या दिवशी कळेल. हात बांधल्याचीच भीती असेल तर ती घालवण्याचे दुसरे उपाय आहेत आणि मग ते नळीला हो म्हणतीलही. "माझ्यासाठी सगळं करा" असे त्यांनी म्हटले, तर तेच करायचे, कागद फाडून टाकायचा. आणि "तू ठरव" असे ते खरोखरच म्हणाले, तर तेही उत्तर आहे. फक्त ते दोन्ही भावांच्या कानांवर पडेल असे म्हणू द्या.

थोरल्या भावांविषयी तुम्ही थोड्या रागाने लिहिले आहे, असे ओळींमधून वाटले. जो जवळ राहतो त्याने रात्री पाहिलेल्या असतात. लांबच्या मुलाने फक्त फोन पाहिलेला असतो, आणि मी हजर नव्हतो ही टोचणी तो "सगळं करा" या दोन शब्दांत भरून काढू पाहतो. आयसीयूच्या दाराशी पुण्या-मुंबईहून धापा टाकत आलेला असा मुलगा मी अनेकदा पाहिला आहे आणि त्याचे प्रेम खोटे असल्याचे मला कधी जाणवले नाही. त्यांच्याशी फोनवर कायद्याचा वाद घालू नका. चार दिवस सुट्टी काढून या, आणि अण्णांच्या खाटेशेजारी अंथरूण टाकून झोपा, असे सांगा. पहाटे तीनला अण्णा उठून बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, ओठांचा चंबू करून श्वास सोडतात, ते पाहिल्यावर बोलणे आपोआप वेगळ्या जागेवरून सुरू होते. अण्णांनी जे सांगायचे ते भावांनाच सांगावे. तुम्ही निरोप्या होऊ नका.

दोन एकरांचाही उल्लेख स्पष्टपणे करतो, कारण तो पत्रात आहे. जमीन विकून बाप वाचत असेल तर विकावी, यावर माझे दुमत नाही. पण व्हेंटिलेटरचे दिवस लांबत गेले की धाकट्या भावाच्या हातातली जमीन जाते, आणि तो गप्प आहे तो कदाचित याचमुळे. खर्चाविषयी बोललो तर बापाच्या जिवाचा हिशेब केला असे होईल, अशी त्याला धास्ती असावी. खर्चाचा विचार मनात येणे हे पाप नाही. अण्णांच्याही मनात तो असतो, आणि म्हणूनच विचारताना हे स्पष्ट करा की पैशाची काळजी बाजूला ठेवून सांगा. नाहीतर मुलांची जमीन वाचावी म्हणून ते 'नको' म्हणतील आणि तुम्ही ते त्यांची इच्छा समजाल. भावकीतले कोणी "पोरांनी काही केलं नाही" असे म्हणतीलच. ते दोन्ही बाजूंनी म्हणतात. नळ्या लावल्या तर "म्हाताऱ्याचे हाल केले" असेही म्हणतात.

आता घरातले. ऑक्सिजनच्या मशीनचे बटण घाबरून वर करू नका. सीओपीडीत रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहिलेला पुरतो आणि फार जास्त दिल्यास गुंगी येऊ शकते. दम वाढला की चेहऱ्यावर लहान पंख्याची झुळूक येऊ द्या, याने खरोखर बरे वाटते. शेवटच्या टप्प्यात दम लागण्याचा त्रास कमी करण्यासाठी थोड्या मात्रेतले मॉर्फीन देता येते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ते मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, तेव्हा वेदनाशामक उपचार देणाऱ्या डॉक्टरांकडे एकदा चौकशी करून ठेवा. १०८ क्रमांकाला फोन केला तर गाडीवरची माणसे जीव वाचवण्याचे आपले काम करतील, आणि घरातल्या कपाटातला कागद पाहून ती थांबतील अशी अपेक्षा धरू नका. म्हणून घरीच राहायचे ठरले असेल तर रात्री बोलावता येईल असा गावातला एक डॉक्टर आधीच ठरवून ठेवा आणि त्याचा नंबर भिंतीवर लिहा. आजारी माणूस घरी नैसर्गिकपणे गेला तर पोलिसांचा किंवा पोस्टमॉर्टेमचा प्रश्न येत नाही. त्या डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी.

"आता घरी न्या, सेवा करा" हे वाक्य आपल्या भागातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी ऐकले आहे. पुष्कळदा ते काहीच न लिहिता म्हटले जाते, आणि डिस्चार्ज कार्डावर मात्र नातेवाइकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेले असा शेरा पडतो. अण्णांवर ती वेळ आली तर तसल्या शेऱ्याखाली सही करू नका; काय ठरले, कोणासमोर ठरले आणि घरी कोणती औषधे द्यायची, हे लिहून मागा.

अण्णांची सगळी कागदपत्रे कापडाच्या दुकानाच्या एखाद्या पिशवीत असतील. बहुतेक घरांत ती तशीच असतात, एक्स-रे गुंडाळलेले आणि बिले मध्येच. जे ठरेल ते अण्णांच्या सहीचे पान त्या पिशवीत सर्वांत वर ठेवा, कारण रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेला नवा डॉक्टर अण्णांना ओळखत नसतो आणि त्याच्या हाताला पहिल्यांदा वरचाच कागद लागतो.